घरी थाई नॅम करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी नॅम करायला घेतलेले लोक जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी आहेत, पुढचे कुठेतरी अडलेल्यांसाठी. बाकी काही वाचा-न वाचा, पण नायट्राइट (मांस राखणारा क्षार), तापमान आणि पीएच (आंबटपणाचं माप) या तिन्हींची उत्तरं वाचल्याशिवाय मांस आणायला जाऊ नका.

नॅम म्हणजे नक्की काय?

डुकराचं बिनचरबीचं मांस बारीक करायचं, त्यात उकडून चिरलेली कातडी, शिजलेला भात, लसूण आणि मीठ मळायचं, गच्च बांधून दोन ते चार दिवस आंबू द्यायचं. तयार झालं की रंग गुलाबी, चव आंबट-खारट, आणि चावताना मधूनमधून कातडीचा कुरकुर लागणारा तुकडा. उच्चारताना 'नॅ' थोडा लांबवायचा. उत्तर थायलंडमध्ये यालाच 'चिन सोम' म्हणतात, म्हणजे 'आंबट मांस'. ईशान्येकडच्या इसान भागात आणि लाओसमध्ये नाव आहे 'सोम मू', 'मू' म्हणजे डुक्कर. व्हिएतनामचं 'नेम चुआ' याच कुळातलं, चवीला जरा गोडसर.

म्हणजे गोव्याच्या चोरिसासारखंच ना?

नाही, आणि हा फरक आधी समजून घ्या, कारण पुढची सगळी काळजी त्यातून येते. चोरिसात आंबटपणा व्हिनेगरचा, म्हणजे बाहेरून घातलेला असतो. शिवाय भरपूर मीठ, मिरची, ऊन किंवा धूर असतो आणि मांसातलं पाणी कमी होत जातं. नॅममध्ये आंबट काहीच घालत नाहीत. भात आणि लसणातल्या साखरेवर जगणारे लॅक्टिक आम्ल बनवणारे जंतू मांसाच्या आत आंबटपणा तयार करतात. पदार्थ सुकवलेला नसतो, त्यामुळे त्यात पाणी पूर्ण असतं. मांस राखायला इथे मुख्यतः आम्लच आहे, आणि ते यायला दोन दिवस लागतात. मीठ, लसूण, नायट्राइट आणि घट्ट बांधणी ही सगळी तजवीज त्या दोन दिवसांसाठी असते.

साहित्याचं नेमकं प्रमाण काय?

साधारण दीड किलो मिश्रणासाठी:

- मांडीचं बिनचरबीचं मांस: १ किलो
- शिजवून, चरबी खरवडून, बारीक चिरलेली कातडी: ३०० ग्रॅम (कच्ची सुमारे ४५० ग्रॅम आणा)
- गार झालेला चिकट भात: १०० ग्रॅम
- सोललेला लसूण: ७० ग्रॅम
- मीठ: ३० ग्रॅम
- ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट असलेलं क्युअरिंग सॉल्ट नंबर १: ३.२ ग्रॅम
- साखर: ८ ग्रॅम
- अख्ख्या लवंगी मिरच्या: १५ ते २०

सगळं वजनावर मोजा. चमचा आणि वाटी इथे चालत नाहीत. मिठासाठी स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा काटा पुरतो. क्युअरिंग सॉल्टसाठी मात्र ०.०१ ग्रॅम दाखवणारा, सोनं तोलतात तसा छोटा डिजिटल काटा हवाच. प्रमाण कमी-जास्त करायचं असेल तर सूत्र असं: मांस आणि कातडीच्या दर किलोला २.५ ग्रॅम क्युअरिंग सॉल्ट, आणि एकूण मिश्रणाच्या सुमारे २.२ टक्के मीठ. क्युअरिंग सॉल्टमधलं मीठही या २.२ टक्क्यांत धरलेलं आहे.

थायलंडमध्ये चिकट तांदूळ वापरतात. तो नसला तर इंद्रायणीचा भात छान चालतो. बासमतीचा मोकळा भात मांसात नीट मिसळत नाही आणि पांढरे दाणे वेगळे दिसत राहतात.

मांस कसं निवडायचं? खाटकाकडून खिमा करून आणला तर?

मांडीचा अख्खा तुकडा घ्या आणि खिमा घरी करा. दुकानातल्या यंत्रातून आधी काय गेलंय ते आपल्याला माहीत नसतं, आणि खिम्यात बाहेरचे जंतू आतपर्यंत पोचतात. चरबी आणि पांढरे शिरांचे पापुद्रे काढून टाका. चरबी राहिली तर नॅम घट्ट बसत नाही, चव तेलकट लागते.

मांस कापताना नीट बघा. तांदळाच्या दाण्यापासून वाटाण्याएवढे पांढुरके, पाणी भरल्यासारखे फुगीर ठिपके स्नायूत दिसले तर ती फीतकृमीची अळी असू शकते. ते मांस कशासाठीच वापरू नका. मोकाट चरणाऱ्या डुकरांत हा धोका खरा असतो. दिसलं नाही म्हणजे नाहीच, असंही धरू नका. त्यासाठी पुढचं उत्तर.

आधी फ्रीझरमध्ये ठेवायचं कशासाठी? ताजं मांस जास्त चांगलं नाही का?

चवीला ताजं बरं, हे खरं. पण आंबवल्याने परजीवी मरतातच असं नाही. मांसाचा तुकडा १५ सेंटिमीटरपेक्षा जाड नसेल तर उणे १५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड तापमानात २० दिवस ठेवलं की पाळीव डुकरांतल्या ट्रिकिनेला या कृमीचा आणि फीतकृमीच्या अळ्यांचा बंदोबस्त होतो. बहुतेक घरगुती डीप फ्रीझर उणे १८ पर्यंत जातात. एकाच दाराच्या जुन्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा तितका थंड नसतो, म्हणून आत थर्मामीटर ठेवून खात्री करा. रानडुकराच्या मांसाला हा उपाय लावू नका, कारण ट्रिकिनेलाच्या काही रानटी जाती गोठूनही जगतात.

गोठवण्याने जंतू मात्र मरत नाहीत, ते नुसते थांबतात. ओट्यावर नको, फ्रीजच्या खालच्या कप्प्यातच हळूहळू वितळू द्या, आणि सुटलेलं पाणी टाकून द्या.

मांस धुवायचं नाही असं म्हणतात. आम्हाला न धुता वापरवत नाही.

अख्खा तुकडा खिमा करण्याआधी धुवायला हरकत नाही, फक्त नंतर स्वच्छ कागदी रुमालाने अगदी कोरडा करा. पाणी सिंकभर उडू देऊ नका आणि सिंक लगेच साबणाने धुवा. खिमा मात्र कधीही धुवायचा नाही. तो पाणी धरून ठेवतो, मग मीठ पातळ होतं आणि नॅम भुसभुशीत होतं. कच्चं पोर्क हाताळताना हातमोजे घाला, हाताला चीर-जखम असेल तर नक्कीच. कारण पुढे 'थायलंडमध्ये लोक कच्चं खातात' या प्रश्नाखाली दिलं आहे.

कातडी नेमकी किती शिजवायची?

केस भाजून-खरवडून काढलेली कातडी भरपूर पाण्यात ४० ते ६० मिनिटं मंद उकळा. नखाने दाबलं की नख रुतलं पाहिजे, पण पट्टी ओढली तर तुटता कामा नये. कुकरमध्ये शिट्ट्या काढू नका. कातडी विरघळून डिंक होतो आणि नॅमची सगळी गंमत जाते. कोमट असतानाच आतली चरबी सुरीने खरवडा. मग अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून कडक करा, म्हणजे २ मिलिमीटर जाड आणि ३-४ सेंटिमीटर लांब पट्ट्या सहज निघतात. मांसात मिसळताना कातडी पूर्ण गार आणि कोरडी हवी.

भात आणि लसूण एवढे कशाला? लसूण कमी केला तर?

कमी करू नका. मांसात साखर जवळजवळ नसतेच, म्हणून आंबवणाऱ्या जंतूंना खाद्य बाहेरून द्यावं लागतं. थोडी साखर त्यांना पहिल्या काही तासांत लगेच मिळते, भात मागाहून. लसूण दुहेरी काम करतो. त्यातला फ्रुक्टन हा साखरेचा साठा आंबवणारे जंतू वापरतात, आणि त्यातली गंधकयुक्त द्रव्यं नको त्या जंतूंना दाबून ठेवतात. लसूण पेस्टच्या बाटलीतला नको, त्यात आम्ल आणि टिकवण्याची द्रव्यं असतात. ताजा सोलून खलबत्त्यात जाडसर कुटा.

क्युअरिंग सॉल्ट गुलाबी असतं. म्हणजे सैंधवच ना?

अजिबात नाही. ही चूक फार वेळा होते. सैंधव, ज्याला हिमालयन पिंक सॉल्ट म्हणून विकतात, ते साधं खनिज मीठ आहे. त्यात नायट्राइट नसतं. क्युअरिंग सॉल्टला मुद्दाम गुलाबी रंग दिलेला असतो, कोणी ते चुकून जेवणात घालू नये म्हणून. दोन्ही बाजूंनी गफलत धोक्याची आहे. क्युअरिंग सॉल्टच्या जागी सैंधव घातलं तर मांसाला संरक्षण नाही, आणि सैंधव समजून क्युअरिंग सॉल्ट भाजीत घातलं तर थेट विषबाधा.

नायट्राइट जास्त झालं तर रक्त ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. ओठ आणि नखं निळी पडतात, धाप लागते, चक्कर येते. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नका, तडक रुग्णालय गाठा. थायलंडमध्येच २०२२ च्या सुरुवातीला नायट्राइटचं प्रमाण सुटलेले सॉसेज खाऊन वेगवेगळ्या प्रांतांतली मुलं याच कारणाने आजारी पडली होती. बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा आणि ती मिठाच्या बरणीजवळ कधीही ठेवू नका.

पाकिटावर 'नंबर २' असेल तर ते नको. त्यात नायट्रेटही असतं, ते महिनोन्महिने सुकवायच्या मांसासाठी असतं.

नायट्राइट अजिबात न घालता करता येईल का?

करू नका. मीठ आणि लसूण यांच्यावर भिस्त ठेवून केलेलं नॅम आंबतं, हे बरोबर. पण मिश्रण आंबट होईपर्यंतचे पहिले ४०-५० तास घट्ट बांधलेल्या, हवा नसलेल्या, ३० अंशांच्या मांसात बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूला मोकळं रान मिळतं. नायट्राइट त्याला त्या काळात रोखतं. गुलाबी रंग आणि ओळखीचा वासही त्याचाच, पण ते दुय्यम. सेलरी पावडर 'नैसर्गिक' म्हणून सुचवली जाते. तिच्यातही नायट्राइट किंवा नायट्रेटच असतं, फक्त किती ते घरी कळत नाही.

मग सोरा चालेल का? पूर्वी तोच वापरायचे ना?

सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. ते स्वतः फारसं काही करत नाही. काही जंतूंनी त्याचं नायट्राइट करावं लागतं, आणि तेच जंतू आंबटपणा वाढला की थंडावतात. तीन दिवसांच्या पदार्थात कुठे जास्त, कुठे कमी असा प्रकार होतो. शिवाय आपल्याकडे बाजारात मिळणारा सोरा बहुतेकदा शेतीचा किंवा फटाक्यांचा असतो, तो पोटात जाण्याच्या लायकीचाच नाही.

मळायचं आणि बांधायचं कसं?

मांस आणि खिम्याचं यंत्र दोन्ही थंडगार हवं. मांसाचे तुकडे फ्रीझरमध्ये २०-३० मिनिटं ठेवून कडा कडक झाल्यावर ३-४ मिलिमीटरच्या जाळीतून काढा. क्युअरिंग सॉल्ट मिठात आणि साखरेत आधी नीट कालवून घ्या, म्हणजे ते एका जागी गोळा होत नाही. हे मिश्रण खिम्यावर भुरभुरा आणि ५-६ मिनिटं जोर लावून मळा. सुरुवातीला खिमा सुटासुटा असतो. मिठाने मांसातली प्रथिनं सुटली की तो बोटांना चिकटायला लागतो, गोळा भांड्याची कड सोडतो आणि ओढला तर बारीक तार येते. इथवर आल्याशिवाय थांबू नका. मग कुटलेला लसूण आणि भात, त्यानंतर कातडी, शेवटी अख्ख्या मिरच्या. सगळं १० अंशांच्या खाली राहिलं पाहिजे. हात गारठून दुखायला लागले तर काम योग्य चाललंय.

१०० ते १२० ग्रॅमचे भाग करा. प्रत्येक भाग खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकवर ठेवून, ३-४ सेंटिमीटर जाड वळकटी करून, दोन्ही टोकं विरुद्ध दिशांना पिळत हवा बाहेर काढा आणि दोऱ्याने गच्च आवळा. वरून केळीच्या पानात बांधलं की रूप आणि वास दोन्ही येतं. फक्त पानातच बांधायचं असेल तर पान आचेवर फिरवून मऊ करा, दोन-तीन थर घ्या आणि सुतळीने करकचून बांधा. शिवाय ३० ग्रॅमच्या दोन छोट्या पुड्या जास्तीच्या करा. त्या फोडून पीएच तपासायला लागतात.

कुठे आणि किती दिवस ठेवायचं?

२८ ते ३२ अंशांत दोन ते तीन दिवस, २५ ते २७ मध्ये चार दिवसांपर्यंत. कोकणात आणि मुंबई-गोव्यात वर्षातले बरेच महिने घरातलं तापमान आपोआप या टापूत असतं. पुण्या-नाशिकच्या थंडीत किंवा परदेशातल्या १८-२० अंशांच्या स्वयंपाकघरात थर्मोकोलचं खोकं, कोमट पाण्याच्या बाटल्या आणि आत थर्मामीटर अशी सोय करा. बाटल्यांतलं पाणी दर ५-६ तासांनी बदला. विदर्भातल्या उन्हाळ्यात उलटा त्रास: ३५ अंशांच्या वर मांस पिठूळ होतं आणि आजाराचे जंतू आंबवणाऱ्यांना मागे टाकतात. तिथे एप्रिल-मे सोडा, किंवा एसीच्या खोलीत करा.

'थंडीत फ्रीजबाहेर आठवडाभर ठेवलं, हळूहळू आंबेल' असा हिशेब धरू नका. उशिरा आलेला आंबटपणा उपयोगाचा नाही, का ते पुढच्या उत्तरात आहे. फ्रीजमध्ये तर आंबणं सुरूच होत नाही.

पीएच किती आणि कधीपर्यंत यायला हवा?

दोन आकडे आहेत: ५.३ आणि ४.६. आकडा जितका कमी, तितका आंबटपणा जास्त.

पहिला वेळेशी बांधलेला आहे. स्टॅफिलोकॉकस हा जंतू वाढला तर विष सोडतो. पीएच ५.३ च्या खाली गेला की त्याची ती वाट बंद होते. अमेरिकेतल्या मांस-उद्योगात यासाठी एक हिशेब वापरतात. तापमान १५.६ अंशांपेक्षा जितकं जास्त, त्याला तासांनी गुणायचं. ३३ अंशांपेक्षा कमी तापमानात हा गुणाकार ६६५ होण्याआधी पीएच ५.३ झाला पाहिजे. म्हणजे ३० अंशांत ४६ तास आणि २७ अंशांत ५८ तास. तेवढ्यात आला नाही तर सगळं टाकून द्यायचं. वास चांगला असला तरी.

दुसरा आकडा शेवटचा. ४.६ किंवा त्याखाली आल्यावरच नॅम तयार झालं म्हणायचं आणि फ्रीजमध्ये हलवायचं. ४.६ च्या खाली बोटुलिझमचा जंतू वाढत नाही. चवीसाठी ४.४ च्या आसपास थांबवलेलं आम्हाला सगळ्यांत आवडतं. त्याखाली आंबटपणा लसणाला गिळून टाकतो.

पीएच मोजायचा कसा? मीटर घ्यायलाच हवा का?

मीटर घ्या. मांस, साधन आणि चार दिवसांची मेहनत यांच्यापुढे त्याची किंमत मोठी नाही. वापरायच्या दिवशी ७.०० आणि ४.०१ च्या बफर द्रावणात (म्हणजे पीएच ठरलेल्या तयार द्रावणात) तो जुळवून घ्या. छोट्या पुडीतलं १० ग्रॅम नॅम २० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात कुस्करून, दोन मिनिटं थांबून मोजा. २४ तासांनी एकदा, ४० तासांच्या सुमाराला पुन्हा. तपासलेला भाग फेकून द्या. मीटर मिळणारच नसेल तर ४ ते ६ च्या दरम्यान ०.२-०.३ च्या टप्प्याने रंग दाखवणाऱ्या पट्ट्या आणा. १ ते १४ दाखवणारी साधी पट्टी इथे निरुपयोगी. चाखून ठरवणं तर नकोच, कच्चं मांस आहे ते.

लवकर आंबावं म्हणून दह्याचं विरजण किंवा इडलीचं पीठ घातलं तर?

आपल्या मनात हे येणं अगदी साहजिक आहे, पण उपयोग नाही. दह्यातल्या जंतूंना दुधातल्या साखरेची सवय असते, मीठ आणि नायट्राइट असलेल्या मांसात ते नेटाने वाढत नाहीत. इडलीच्या पिठात काय काय आहे ते आपल्याला ठाऊक नसतं, आणि दोन्हींमुळे पाणी वाढतं. आधीच्या नॅमचा तुकडा मिसळणंही टाळा, त्यातून एखादा नको असलेला जंतूही पुढच्या घाण्यात जातो. खात्री हवी असेल तर मांसासाठी मिळणारं कोरडं विरजण आणा. त्यात बहुधा पेडिओकॉकस जातीचे जंतू असतात. नैसर्गिकपणे आंबणाऱ्या नॅममध्येही तेच आणि लॅक्टोबॅसिलस कुळातले जंतू सापडतात. प्रमाण पाकिटावर असेल तेवढंच. थंड हवेच्या गावी राहणाऱ्यांनी तर ते वापरावंच.

थायलंडमध्ये लोक कच्चं खातात. आपणही खावं का?

तिथे नॅमचे काप आलं, भाजलेले शेंगदाणे, छोटे लाल कांदे, लवंगी मिरच्या आणि कोबीच्या पानांबरोबर तसेच खाल्ले जातात, हे खरं आहे. तरी आमचं स्पष्ट मत: घरी केलेलं शिजवूनच खा.

आम्लाने साल्मोनेलासारखे जंतू कमी होतात, संपतातच असं नाही. दुसरा धोका स्ट्रेप्टोकॉकस सुइस या डुकरांतल्या जंतूचा. त्याने मेंदूज्वर होतो आणि वाचलेल्यांपैकी अनेकांचं ऐकणं कायमचं जातं. २००७ साली उत्तर थायलंडच्या फयाओ प्रांतात कच्चं पोर्क खाण्यातून याची मोठी साथ आली होती. हा जंतू हाताच्या जखमेतूनही शरीरात शिरतो, म्हणून वर हातमोजे सांगितले. थायलंडमध्ये किरणोत्सर्गाने जंतू मारलेलं पॅकबंद नॅमही १९८६ पासून विकायला आलं. म्हणजे त्यांच्याकडेही हा धोका गांभीर्यानेच घेतला गेला. गरोदर बाई, लहान मुलं, वयस्कर माणसं आणि यकृताचा किंवा मधुमेहाचा आजार असलेले यांना कच्चं देण्याचा प्रश्नच नाही.

लिंबू पिळून किंवा सोबत दारू घेऊन हे जंतू मरत नाहीत.

शेवटी शिजवणारच आहे, मग पीएचची एवढी उठाठेव कशाला?

कारण शिजवल्याने जंतू मरतात, पण स्टॅफिलोकॉकसने आधीच सोडलेलं विष उकळूनही जात नाही. जे मुदतीत आंबलं नाही ते तळून, वाफवून, कशानेही वाचत नाही. त्यामुळे मुदत आणि शिजवणं दोन्ही हवं.

शिजवलं तर आंबट चव जाते का? कसं शिजवायचं?

आंबटपणा जात नाही, उलट लसणाचा वास खुलतो. आतलं तापमान ७१ अंशांवर पोचलं पाहिजे. सगळ्यांत सोपं म्हणजे अंड्याबरोबर परतणं, 'नॅम फात खाइ'. १५० ग्रॅम नॅम चमच्याने फोडून थोड्या तेलात ४-५ मिनिटं परता. कडा सोनेरी झाल्या आणि कातडीच्या पट्ट्या चटचटायला लागल्या की दोन अंडी फोडून ढवळा, वर कांद्याची पात. मीठ घालू नका. पानासकट निखाऱ्यावर किंवा तव्यावर १५-२० मिनिटं भाजलेलंही उत्तम लागतं, पण त्यासाठी आतलं प्लास्टिक आधी काढा, हे विसरलं जातं.

कुरकुरीत भाताची कोशिंबीर, 'यम नॅम खाओ थोत', करायची तर नॅम आधी १५ मिनिटं वाफवून गार करा. लाल करी पेस्ट लावलेल्या भाताचे गोळे तळून फोडायचे, त्यात नॅम, आल्याच्या काड्या, शेंगदाणे, कोथिंबीर, लिंबू आणि फिश सॉस. नॅम आणि लिंबू दोन्ही आंबट, म्हणून लिंबू चाखत चाखत घाला.

किती दिवस टिकतं?

फ्रीजमध्ये ४ अंशांत आठवडाभर, फ्रीझरमध्ये दोन महिने. फ्रीजमध्येही आंबणं अगदी मंद चालूच राहतं, सातव्या दिवशीचं जास्त आंबट लागेल. पुडी एकदा सोडली की दोन दिवसांत संपवा.

रंग राखाडी झाला, मधे छिद्रं पडली, पाणी सुटलं. टाकून द्यायचं का?

प्रत्येकाचं कारण वेगळं. *सगळं* राखाडी असेल तर नायट्राइट पडलंच नाही किंवा सैंधव पडलं: टाका. फक्त छिद्रांभोवती तपकिरी-राखाडी कडा असेल तर मळताना किंवा बांधताना हवा राहिली. पीएच मुदतीत आला असेल तर तेवढा भाग कापून बाकीचं शिजवून खाता येतं. पुडीत चमचाभर स्वच्छ, आंबूस पाणी साहजिक आहे, आम्लाने प्रथिनं घट्ट होतात आणि पाणी सोडतात. जास्त पाणी म्हणजे मांस ओलं होतं किंवा मळणं कमी पडलं. भुसभुशीत नॅम म्हणजे बहुतेक वेळा मांस मळताना गरम झालं.

पुडी थोडी टणक फुगणं आणि उघडल्यावर आंबट वास येणं ठीक, काही आंबवणारे जंतू वायूही सोडतात. पण फुग्यासारखी फुगली, तार सुटणारा बुळबुळीत थर आला, कुजका किंवा अंड्यासारखा वास आला, किंवा कुठेही बुरशी दिसली, तर एकही तुकडा न चाखता सगळा घाणा फेका.

लसूण निळा-हिरवा झालाय! बुरशी आहे का?

नाही. लसूण आम्लात आला की त्यातली गंधकयुक्त द्रव्यं अमिनो आम्लांशी जुळून निळा-हिरवा रंग तयार करतात. लोणच्यातल्या लसणाचंही असंच होतं. रंग लसणाच्या तुकड्याच्या *आत* असतो, खरवडून निघत नाही आणि लव नसते. बुरशी पृष्ठभागावर, लव असलेली आणि पुसली जाणारी असते.

थाई दुकानातलं नॅम मसाल्याचं तयार पाकीट वापरलं तर?

सोयीचं आहे, पण घटकांची यादी वाचा. नायट्राइट लिहिलं असेल तर वेगळं क्युअरिंग सॉल्ट अजिबात घालू नका, आणि पाकिटाइतकंच मांस घ्या. ग्लुकोनो डेल्टा-लॅक्टोन असेल तर ते पाण्यात हळूहळू आम्ल होतं. पीएच लवकर उतरतो, पण चव सरळसोट आंबट, आंबवल्याची खोली नाही. मोजणं त्यातही चुकत नाही.

जर्मनीत राहतो. इथलं क्युअरिंग सॉल्ट गुलाबी नाही आणि त्यावर ०.५ टक्के लिहिलंय.

युरोपात अनेक ठिकाणी नायट्राइट साध्या मिठात आधीच ०.४ ते ०.५ टक्के मिसळून विकतात. ते ३.२ ग्रॅम घालून काहीच होणार नाही. तिथे *सगळं* मीठ त्याचंच घ्या: वरच्या प्रमाणाला साधं मीठ शून्य आणि हे ३३ ग्रॅम. मांस-कातडीच्या दर किलोला साधारण १०० ते १२५ मिलिग्रॅम नायट्राइट पडतं, तेवढं पुरतं. उलटं कधीही करू नका: ६.२५ टक्क्यांचं क्युअरिंग सॉल्ट ३३ ग्रॅम गेलं तर तो घाणा जीवघेणा आहे. पाकिटावर टक्केवारी छापलेली नसेल तर ते वापरू नका.

डुक्कर खात नाही. कोंबडीचं किंवा मशरूमचं जमेल का?

थायलंडमध्ये दोन्ही होतात. कोंबडीत परजीवींचा प्रश्न कमी, साल्मोनेलाचा जास्त, म्हणून प्रमाण आणि मुदती त्याच आणि शिजवणं सक्तीचं. कातडीच्या जागी कोंबडीच्या कुर्च्या उकडून घालतात. मशरूमच्या 'नॅम हेत' साठी ऑयस्टर मशरूम फाडून १० मिनिटं वाफवा आणि हातात धरून थेंब पडायचा थांबेपर्यंत पिळा. पिळलेल्या ५०० ग्रॅमला ५० ग्रॅम भात, ३० ग्रॅम लसूण आणि १२ ग्रॅम मीठ. नायट्राइट लागत नाही, पण घट्ट बांधलेलं असल्यामुळे ४.६ चा नियम इथेही तसाच. ३० अंशांत दोन दिवसांत पीएच तिथे आला नाही तर टाकून द्या.

बरगड्यांचं नॅम करताना काय बदलतं?

खिमा नसल्याने मळणं नाही आणि मीठ आत शिरायला वेळ लागतो. बरगड्या ३-४ सेंटिमीटरच्या तुकड्यांत तोडून घ्या, मीठ, क्युअरिंग सॉल्ट आणि साखर चोळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, मगच लसूण-भात लावून पिशवीत हवा काढून बांधा. क्युअरिंग सॉल्टचं प्रमाण हाडासकट नव्हे, मांसाच्या अंदाजे वजनावर धरा. हाडं वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा असतात. पीएच हाडालगतच्या मांसाचा मोजा, तिथे तो सगळ्यांत शेवटी उतरतो. आंबल्यावर मध्यम आचेवर सावकाश तळा. भाताचे दाणे लवकर करपतात, म्हणून तळण्याआधी हाताने झटकून काढा.